चिऊचं पळणं

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी एक गाव आहे. तिथल्या पोरांना पोहायला शिकवावं लागत नाही, असं बाहेरची माणसं म्हणतात. खरं तर तिथं घरटी एखादा मामा किंवा काका असतो. तो पोराच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतो आणि त्याला विहिरीत सोडतो. पहिला उन्हाळा डब्यासकट, दुसरा डब्याशिवाय, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पोरगं घाटावरून नदीत सूर मारतं. चिऊचंही असंच झालं. दहावं लागेपर्यंत ती मामाच्या सोबतीनं नदीत लांबवर पोहून माघारी यायची, तरी तिला दम लागायचा नाही.

सायकल तर रोजचीच होती. हायस्कूल तीन किलोमीटरवर. धाकट्या बंटीला कॅरिअरवर घ्यायचं, वाटेत मराठी शाळेत सोडायचं आणि पुढं जायचं. परतताना समोरून वारा असला तरी तिची गाणी चालूच असायची.

पळायचं नाव काढलं की मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याला कारण होतं. शाळेत उशीर झाला की मैदानाला दोन चकरा. गृहपाठ राहिला की चार. वर्गात बोलताना सापडलं की पाच, आणि त्या संपेपर्यंत बाकीची पोरं खिडकीतून हसत बघणार. बंटीला सोडून यायचं म्हणजे आठवड्यातून एखादा दिवस चिऊला उशीर व्हायचाच. त्यामुळं पळणं म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चुकलं की भोगायची ती गोष्ट.

अशात कोल्हापूरला लहान मुलांची ट्रायथलॉन होणार असल्याची बातमी गावात आली. आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं. तिन्ही एकापाठोपाठ, आणि घड्याळ मध्ये कुठंच थांबत नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये १९७४ साली या नावाची पहिली शर्यत झाली आणि २००० साली सिडनीला ती ऑलिंपिकमध्ये आली. तिथं मोठ्यांना दीड किलोमीटर पोहून, ४० किलोमीटर सायकल मारून वर १० किलोमीटर पळावं लागतं. मुलांसाठी वयाप्रमाणं अंतरं कमी केलेली असतात. चिऊच्या गटाला २०० मीटर पोहणं, ५ किलोमीटर सायकल आणि दीड किलोमीटर पळणं होतं.

बातमी वाचून चिऊचे वडील हरखले. गाव त्यांना तात्या म्हणायचं, पोरंही तात्याच म्हणायची. तात्या कमालीचे कष्टाळू. पहाटे चारला उठून उसाला पाणी पाजणारा माणूस. घाम गाळला की सगळं होतं, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी हिशेब मांडला. पोहण्यात पोरगी एक नंबर, सायकलला तोड नाही, कच्ची आहे ती पळण्यात. मग जिथं कच्ची, तिथंच जोर लावायचा.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर एक देखावा दिसू लागला. पुढं चिऊ पळतेय आणि मागून तात्यांची मोटरसायकल, पहिल्या गिअरमध्ये, दिवा लावून. चिऊला रस्त्यावर आपलीच लांबलचक सावली दिसायची. ती सावली आखूड झाली की समजायचं, गाडी जवळ आली, आपण मंदावलो. मग ती पुन्हा जोर लावायची. आधी तीन किलोमीटर, मग पाच.

शर्यतीत चिऊ दुसरी आली. गावच्या चौकात तिच्या फोटोचा मोठा डिजिटल फलक लागला. तात्यांना रस्त्यात थांबवून लोक हात मिळवू लागले. तात्या म्हणाले, "आवंदा दुसरी, पुढच्या खेपेला पहिली." आणि पाचाचे आठ किलोमीटर झाले, तेही आठवड्याचे सहा दिवस.

दिवाळीनंतरची गोष्ट. आज्जी म्हशीला वैरण काढायला गेली. तिनं गंजीतून कडब्याची पेंढी ओढली, तर तिच्याबरोबर पायाशी एक बूट पडला. दुसरा आत हातभर खोल खुपसलेला होता. बूट चिऊचे होते. दोन दिवस घरात त्यांचीच शोधाशोध चालली होती आणि "मला काय ठावं" म्हणून चिऊ मोकळी झाली होती.

आज्जीनं आरडाओरडा केला नाही. रात्री चिऊ कुशीत आल्यावर तिनं हळूच विचारलं, "बूट उंदरानं नेलं व्हतं काय गं गंजीत?"

चिऊ रडायलाच लागली. "आज्जी, टाच लई दुखतीया. सकाळी उठल्यावर पाय टेकवत न्हाई."

"मग तात्याला का सांगितलं न्हाईस?"

"टाच बरी झाली की परत पळाय लागंल की. मला न्हाई पळायचं. मी काय चुकले बी न्हाई, तरी रोज पळवत्यात."

दुसऱ्या दिवशी तात्या तिला जयसिंगपूरला डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली, तशी चिऊ कळवळली. त्यांनी तात्यांना समजावून सांगितलं. वाढत्या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग पुरता जुळलेला नसतो. हाड आणि त्या भागाच्या मध्ये मऊ कूर्चा असते, आणि पोटरीचा जाड स्नायूबंध नेमका तिथंच येऊन चिकटलेला असतो. मूल झपाट्यानं उंच होतं तेव्हा हा स्नायूबंध आधीच ताणलेला असतो. त्यात रोज डांबरावर पळवलं की प्रत्येक पावलाला तो त्या कच्च्या जागेला हिसका देतो. आठ ते चौदा वर्षांच्या पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत हे दुखणं नेहमीचं आहे. हाड पक्कं झालं की जातं, पण तोवर पायाचं ऐकावं लागतं. काही आठवडे पळणं बंद. दुखत नसेल तर पोहायला हरकत नाही.

तात्या घरी आले ते गप्पगप्पच. मेहनत कमी पडली असं कुणी म्हटलं असतं, तर ते त्यांना समजलं असतं. मेहनत जास्त झाली, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्याच वर्षी हायस्कूलला खेळाच्या नव्या बाई आल्या होत्या. चिऊ लंगडताना दिसली तेव्हा त्यांनी चौकशी केली आणि एका संध्याकाळी त्या थेट तात्यांच्या रानात आल्या. तात्या बांधावर बसले होते. समोर दोन एकरांचा तुकडा पडून होता. वर पांढरा थर फुटलेला, मधूनच खुरटलेलं गवत. शेजारचा ऊस पुरुषभर वाढलेला आणि या तुकड्यात काहीच नाही.

बाईंनी विचारलं, "तात्या, हे रान असं कशानं झालं?"

"मीठ फुटलंय, बाई. क्षारपड झालं. या तालुक्यात अशी लई रानं हायत."

"पण कशानं?"

"पाण्यानं. आमच्या वडिलांच्या काळात नदीवरनं पाणी आलं. आधी दुष्काळ सोसलेली माणसं. पाणी दिसल्यावर पाटच्या पाट सोडले. जास्त पाणी, जास्त ऊस, असं गणित. चार-पाच वर्षं पीक बी दणकून आलं. मग खालचं पाणी वर चढलं आणि त्याच्याबरोबर क्षार वर आले."

"आता यावर उपाय?"

"हाय की. जमिनीच्या पोटात भोकं पाडलेले पाइप घालायचे. जादा पाण्याचा निचरा झाला पायजे. निचरा झाला की रान हळूहळू परत जिवंत व्हतं. पाणी द्यायचंच, पण रानाला पेलंल एवढं, आणि दोन पाण्यांच्या मध्ये रानाला श्वास घ्यायला वेळ ठेवायचा."

बाई थोडा वेळ त्या पांढऱ्या रानाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तात्या, चिऊच्या पायांना निचरा कुठं ठेवला होता तुम्ही?"

तात्यांनी चटकन वर बघितलं. बोलले काहीच नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी वाद घालून पाहिला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता. "ते ओडिशातलं चार वर्षांचं पोरगं टीव्हीवर दाखवत हुते न्हवं का. ६५ किलोमीटर पळालं म्हणं."

"पळालं. २००६ साली, उन्हातून, सात तास. शेवटी कोसळलं. डॉक्टरांनी तपासल्यावर सरकारनं त्याच्या लांब पळण्यावर बंदी घातली. टाळ्या खूप वाजल्या, तात्या, पण मोठेपणी त्यातून ऑलिंपिकचा धावपटू काही घडला नाही. चार वर्षांच्या पोराला कुठं थांबायचं ते कळत नाही. ते आपण ठरवायचं असतं."

"मग पोरीला पळवायचंच न्हाई?"

"पळवायचं नाही. तिनं पळायचं. एक वर्ष तिचं पळणं माझ्याकडं द्या. घड्याळ बघायचं नाही, किलोमीटर विचारायचे नाहीत आणि मोटरसायकल घरी ठेवायची. कबूल?"

तात्या तयार झाले. पटलं होतं म्हणून नव्हे. चौकातल्या डिजिटल फलकावर हसणारी पोरगी गेले कित्येक दिवस घरात हसलेली नव्हती, एवढं त्यांना दिसत होतं.

टाचेचं दुखणं पूर्ण गेल्यावर बाईंनी चिऊला मैदानावर बोलावलं. चिऊ आली ती तोंड पाडूनच. तिला वाटलं, चकरा सुरू. मैदानावर मात्र बारा-पंधरा पोरं कोंडाळं करून उभी होती आणि बाई सांगत होत्या, "आज विषामृत."

अर्ध्या तासात चिऊ किती पळाली, हे कुणी मोजलं नाही. विष देणाऱ्याला हुलकावणी द्यायला ती सुसाट सुटायची, विष मिळालं की जागच्या जागी उभी राहून हाका मारायची आणि कुणी अमृत दिलं की पुन्हा सुटायची. दुसऱ्या दिवशी बाईंनी सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी साखळी. त्याच्या पुढच्या आठवड्यात खो-खो. लंगडी बाईंनी मुद्दाम मागं ठेवली, कारण एका पायावरच्या उड्यांचा सगळा भार टाचेवर आणि पोटरीवर येतो. महिन्याभरानं, टाच कुरकुरत नाही याची खात्री झाल्यावर, तीही आली.

तात्या एकदा कुंपणापाशी येऊन उभे राहिले. जरा वेळानं बाईंना म्हणाले, "ह्ये तर नुसतं खेळणं चाललंय."

बाईंनी त्यांना शेजारी बसवलं. "साखळी बघा. पोरं पळतात, दमतात, उभी राहतात, पुन्हा पळतात. लहान शरीराला असंच पळायला जमतं. वाढणारं मूल तास तास एका चालीनं पळायला बनलेलं नसतं. खो-खोत खांबाला वळसा घालताना घोटा आणि गुडघा सांभाळायला शिकतो. लंगडीत तोल आणि पोटरीची ताकद येते. आता राहिला दम. तो तर तिला नदी आणि सायकल फुकट देतायत. पोहताना पायावर भार पडत नाही, सायकलला हिसका बसत नाही, आणि तरी छाती तयार होते. म्हणून ट्रायथलॉनच्या पोराला नुसत्या पळणाऱ्या पोरापेक्षाही कमी पळून चालतं. पळण्यातून फक्त पायांना, हाडांना जमिनीची सवय लावायची आणि मनाला गोडी. हाडं सावकाश तयार होतात. त्यांना घाई चालत नाही."

दोन महिने असे गेले. एक दिवस पोरंच म्हणाली, "बाई, शर्यतीत तर सरळ पळायचं असतंय. ते कधी?" बाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

त्यांनी ओढ्याकडं जाणारी मातीची वाट निवडली. वाटेवर विजेचे खांब होते. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिथून तिसऱ्यापर्यंत चालायचं. अट एकच, पळताना तेराचा पाढा मोठ्यानं म्हणायचा. ज्याचा पाढा तुटेल त्यानं वेग कमी करायचा.

पहिल्या दिवशी पहिल्याच खांबाआधी निम्म्या पोरांचा पाढा तेरी पाचा पासष्टला अडकला. सगळी सुसाट सुटली होती. चिऊही त्यातच. दुसऱ्या आठवड्यात पाढा एक्याण्णवपर्यंत गेला. पुढं एके दिवशी चिऊ दोन खांब न थांबता पळाली, तेरी दाहे एकशेतीस म्हणून तिनं चौदाचा पाढा सुरू केला आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण पळतोय आणि आपल्याला बरं वाटतंय. तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणाचाही दिवा नव्हता.

बाई फार शिकवायच्या नाहीत. मूठ आवळू नका, बोटांत अंडं धरल्यासारखा हात ठेवा. पाऊल लांब टाकू नका, जवळ टाका आणि पटापट टाका. खाली बघू नका. एका दिवसाला एकच गोष्ट सांगायच्या आणि ती पोरांना जमली की पुन्हा बोलायच्या नाहीत. आठवड्यातून तीनच दिवस पळणं, दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा. कुणाला दुखलं तर त्यानं सांगायचं, आणि सांगितलं म्हणून त्याला कुणी रडकं म्हणायचं नाही.

आज्जीलाही त्यांनी एक काम दिलं होतं. दर पौर्णिमेला चिऊला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्याच्या उंचीवर खडूनं रेघ ओढायची. दोन रेघांतलं अंतर एकदम वाढलं की आज्जी निरोप धाडायची, "पोरगी वाढाय लागलीया." मग त्या महिन्यात बाई चिऊचं पळणं आणखी कमी करायच्या. मूल झपाट्यानं उंच होतं, त्याच दिवसांत त्याचे पाय सगळ्यांत लवकर दुखावतात. आज्जी हे काम ग्रहण पाळावं तसं पाळायची.

उन्हाळा लागला तशी बाईंनी वेळ बदलली. ऊन चढायच्या आत आटपायचं, सोबत पाण्याची बाटली. सराव झाल्यावर पोरं झाडाखाली बसून केळं आणि शेंगदाण्याचा लाडू खायची, तेव्हा बाई गोष्टी सांगायच्या. एकदा त्यांनी इंग्लंडच्या ब्राउनली भावांची गोष्ट सांगितली. दोघंही ट्रायथलॉनचे मोठे खेळाडू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये थोरल्या ॲलिस्टरला सुवर्ण आणि धाकट्या जॉनीला रौप्य. त्याच वर्षी सप्टेंबरात मेक्सिकोत कोझुमेलला शर्यत होती. दमट उकाडा. जॉनी सगळ्यांच्या पुढं होता, शेवटचे काहीशे मीटर राहिले होते आणि उष्म्यानं त्याचे पाय वाकडेतिकडे पडू लागले. मागून थोरला आला. त्यानं स्वतःची शर्यत सोडून भावाचा हात खांद्यावर घेतला, त्याला रेषेपर्यंत आणलं आणि आधी त्याला पुढं ढकललं. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन मात्र तोवर पुढं निघून पहिला आला होता.

पोरं थोरल्या भावावर खूश झाली. बंटी चिऊकडं बघून म्हणाला, "तू मला असं आणशील?"

बाई म्हणाल्या, "आणेल. पण जॉनीकडून पण शिका. जगातला एवढा मोठा खेळाडू, पण उन्हापुढं त्याचं चाललं नाही. उन्हाचं आणि शरीराचं ऐकायचं. आणि दुसरी गोष्ट पॅरिसची. २०२४ चं ऑलिंपिक. ॲलेक्स यी शेवटच्या फेरीत मागं पडला होता. न्यूझीलंडचा हेडन वाइल्ड पुढं. यी घाबरला नाही, आपल्या चालीनं पळत राहिला. रेषा जवळ आल्यावर त्यानं वाइल्डला गाठलं आणि सहा सेकंदांनी जिंकला. ट्रायथलॉनमध्ये पळणं शेवटी येतं. ज्यानं आधीच सगळं उधळलं, त्याला शेवटी काही उरत नाही."

पावसाळा सरल्यावर शेवटचा धडा सुरू झाला. सायकलवरून उतरून लगेच पळणं. लिंबाच्या झाडाखाली बाईंनी दोरी बांधून सायकली टेकवायची जागा केली. रस्त्याला दोन फेऱ्या मारायच्या, जमिनीवर आखलेल्या रेषेच्या आधी उतरायचं, सायकल हातानं नेऊन दोरीला टेकवायची, मगच हेल्मेटचा पट्टा सोडायचा आणि पळायचं. निघतानाही आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. पहिल्या दिवशी उतरल्यावर बंटी दोन पावलं पळाला आणि मटकन खाली बसला. "बाई, पाय माझं न्हाईत!"

सगळे हसले. बाईंनी समजावलं, की सायकलवर पाय गोल फिरत असतात, स्नायूंना तीच लय लागलेली असते. जमिनीवर आल्यावर त्यांना नवी लय पकडायला थोडा वेळ लागतो. पहिला मिनिटभर पावलं बारीक टाका, पाय आपोआप आपले होतात. पुढच्या आठवड्यात पोरं उतरल्या उतरल्या पाढा म्हणत पळू लागली.

शर्यतीचा दिवस उजाडला. यंदा गावातून एकटी चिऊ नव्हती, सहा पोरं होती. त्यांतली तिघं शाळेत चकरांची शिक्षा सगळ्यांत जास्त खाणारी. लहान गटात बंटी होता. तात्यांना बाईंनी पळण्याच्या वाटेवर एका वळणावर उभं केलं. "इथून हलायचं नाही. बरोबर पळायचं नाही, ते नियमातही बसत नाही. आणि 'जोरात' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"तुमचं तुम्ही ठरवा."

चिऊ पाण्यातून पहिली बाहेर आली. सायकल टेकवली तेव्हा ती तिसरी होती. पळताना दोन मुली तिच्या पुढं गेल्या, मग आणखी तीन. वळणावर ती आली तेव्हा तिचे ओठ हलत होते आणि हाताची मूठ मोकळी होती. तात्यांच्या ओठांवर "जोरात" आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि ओरडले, "चिऊ, कितीचा पाढा?"

"पंधराचा!" चिऊ ओरडली, आणि हसतच वळणाआड गेली.

ती सातवी आली. शेवटच्या टप्प्यात तिनं एका मुलीला मागं टाकलं, नाहीतर आठवी आली असती. रेषेपलीकडं पाणी पिऊन झाल्यावर ती परत फिरली आणि लहान गटाच्या वाटेवर बंटीची वाट बघत उभी राहिली. तो आला तशी नाचत त्याला हाका मारू लागली.

सोबत आलेल्या गावच्या एका पाहुण्यानं तात्यांना टोचलंच. "काय तात्या, गेल्या खेपेला दुसरी, आवंदा सातवी? पोरगी मागं पडली की."

तात्या शांतपणे म्हणाले, "पावणं, आमचं ते मीठ फुटलेलं रान बघितलंय न्हवं? तिथं बी पहिली चार वर्षं ऊस लई जोरात आलता. पोरगी दुसरी आली तवा बूट गंजीत लपवत हुती. काल रात्री तेच बूट उशाला घेऊन झोपली. मला कुठलं पीक पायजे, ते मी ठरवलंय."

परतीच्या वाटेवर गाडीत चिऊनं विचारलं, "तात्या, परवा मैदानावर साखळी हाय. जाऊ न्हवं?"

तात्यांनी मान डोलावली. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

पुढच्या आठवड्यात शाळेत पालकांची बैठक होती. तात्या आजवर कधी बैठकीत बोलले नव्हते. त्या दिवशी ते उभे राहिले. "सर, माझी एक विनंती हाय. पोरं चुकली तर शिस्त लावा. वही लिहायला लावा, वर्ग झाडायला लावा. पण मैदानाला चकरा मारायची शिक्षा बंद करा. माझ्या पोरीला पळायची गोडी लागायला वर्ष गेलं. कारण पळणं म्हणजे शिक्षा, हे आपणच तिच्या मनात भरवलं हुतं. शाळेत तुम्ही भरवलं, घरी मोटरसायकल लावून मी भरवलं. पोरगं जन्माला येतं ते पळायच्या हौसेनं. चालाय लागलं की पळाय बघतंय. ती हौस आपण मारतो, आणि मग आपणच म्हणतो, आजची पोरं मैदानावर येत न्हाईत."

बैठकीत शांतता पसरली. मुख्याध्यापकांनी खेळाच्या बाईंकडं पाहिलं. बाई काही बोलल्या नाहीत, त्याची गरजही नव्हती. मुख्याध्यापक म्हणाले, "तात्या, उद्यापासून बंद." आणि ते बंद झालं. आता त्या शाळेत उशिरा येणारी पोरं प्रार्थनेनंतर वाचनालयातली पुस्तकं लावतात, आणि मैदानावर फक्त खेळायला जातात.

बोध: ज्या गोष्टीची मुलाला गोडी लावायची आहे, ती त्याला कधी शिक्षा म्हणून देऊ नये आणि त्याला पेलेल त्यापेक्षा जास्त देऊ नये. मुलाला पळायला लावणं सोपं आहे. त्याला पळावंसं वाटणं, आणि ते वाटणं मोठेपणापर्यंत टिकणं, ही खरी कमाई. त्यासाठी आईवडिलांनी अंतर वाढवण्याची घाई सोडावी, खेळाला कमी लेखू नये, दुखणं सांगणाऱ्या मुलावर विश्वास ठेवावा आणि विश्रांतीला सरावाइतकाच मान द्यावा. पदकाचं वय पुढं कधीतरी येतं. हौसेचं वय मात्र आत्ताच असतं, आणि ते सांभाळायची जबाबदारी मोठ्यांची आहे.